निनावी रेषेचे कर्तेपण

मध्ययुगीन मराठी संहितांची पाठचिकित्सा शिकवताना कर्तृत्वनिश्चितीचा प्रश्न दरवर्षी माझ्यापुढे येतो. ‘नामा म्हणे’ एवढ्या मुद्रिकेवरून अभंग नामदेवांचा की विष्णुदास नाम्याचा, हे ठरत नाही. भाषा, रचना, भावविश्व यांची साक्ष काढावी लागते. तेथे नाव असते, पण कर्ता निसटतो. याच्या नेमके उलट असे एक प्रकरण अमेरिकेतील निषिद्ध चित्रसाहित्यात आढळते, आणि आपल्या शास्त्राच्या मर्यादा तपासण्यासाठी ते मला महत्त्वाचे वाटते.

१९५४च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘नाइट्स ऑफ हॉरर’ ही पुस्तिकांची मालिका विकली जात होती. बंधन, ताडन आणि दास्य यांभोवती फिरणाऱ्या कथा व त्यांच्यासोबतची रेखाचित्रे असे तिचे स्वरूप. चित्रांवर सही नव्हती. २००९ साली चित्रकथांचे अभ्यासक क्रेग यो यांनी ही चित्रे जो शूस्टर यांची असल्याचे पुस्तकरूपाने मांडले. शूस्टर म्हणजे जेरी सीगल यांच्यासह ‘सुपरमॅन’ निर्माण करणारे चित्रकार. यो यांचा निष्कर्ष आज सामान्यतः मान्य झालेला आहे.

पुरावा मुख्यतः शैलीचा. या चित्रांतील पुरुष क्लार्क केंटची, स्त्रिया लोइस लेनची आठवण करून देतात. परंतु चेहऱ्यांचे साम्य हा शैलीच्या पुराव्यातील सर्वांत दुबळा भाग होय. जे प्रसिद्ध असते त्याचेच अनुकरण होते. शूस्टर यांच्या स्टुडिओतील सहायक तर त्यांच्या धाटणीने रेखाटण्यासाठीच नेमलेले होते. एकोणिसाव्या शतकात मोरेल्ली याने चित्रकार ओळखण्यासाठी कानाची पाळी, नखे अशा गौण तपशिलांकडे लक्ष वेधले, ते याचसाठी: जेथे चित्रकाराचे अवधान सैल होते, तेथे त्याचा हात उघडा पडतो. स्वतः मोरेल्लीने हे विवेचन इव्हान लेर्मोलिएफ या रशियन वळणाच्या टोपणनावाने प्रसिद्ध केले, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा मुखवट्यापेक्षा देहाची ठेवण, बोटांचे वळण, छायेच्या रेघा यांवरच निर्णय उभा राहिला पाहिजे.

तथापि माझी खरी अडचण नीतीची आहे. १९३८ साली शूस्टर आणि सीगल यांनी ‘सुपरमॅन’चे हक्क १३० डॉलरना दिले. १९४७ साली त्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९४८च्या तडजोडीनंतर त्यांची नावे त्या चित्रकथेवरून नाहीशी झाली. ती परत आली १९७५ साली, वार्षिक निवृत्तिवेतनासह. म्हणजे ज्या निर्मितीवर त्यांना नाव हवे होते तेथून ते काढले गेले. आणि ज्या कामावर त्यांनी ते घातलेच नाही तेथे, १९९२ साली त्यांचे निधन झाल्यानंतर, ते इतरांनी लिहिले. दोन्ही वेळी त्यांची संमती गैरहजर होती.

लेखकाला शिक्षा करता येऊ लागली तेव्हा ग्रंथांना खऱ्या अर्थाने लेखक मिळाले, असे मिशेल फूको यांनी १९६९च्या व्याख्यानात सुचविले होते. येथे शिक्षा झाली ती कागदाला. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या पुस्तिका नष्ट करण्याचा आदेश उचलून धरला; चित्रकाराचे नाव त्यासाठी आवश्यक ठरले नाही. कायद्याला जे नाव लागले नाही, ते अर्धशतकानंतर अभ्यासकांना आणि संग्राहकांना लागले. आपल्या जिज्ञासेत बाजाराची व कुतूहलाची भेसळ किती, हे प्रत्येक संशोधकाने स्वतःशी तपासावे.

सर्व निनावीपणा सारखाही नसतो. जीन बिलब्रू हे ‘एनेग’ अशी सही करीत. ती त्यांच्या नावाची रोमन अक्षरे उलट्या क्रमाने लिहून झालेली आहे. अशी सही ओळखले जाण्याची वाट उघडी ठेवते. उलट, ‘स्पायडरमॅन’चे सहनिर्माते स्टीव्ह डिट्को यांनी एरिक स्टॅंटन यांच्यासह १९५८पासून सुमारे दहा वर्षे एकच स्टुडिओ वापरला, स्टॅंटन यांच्या फेटिश-चित्रांत डिट्को यांचा हात दिसतो असे म्हटले गेले, आणि डिट्को यांनी ते नाकारले. कर्त्याचा नकार हाही एक पाठ आहे. शैलीची साक्ष त्याला खोडू शकते, पण नोंदीतून वगळू शकत नाही.

म्हणून कर्तृत्वनिश्चिती करूच नये, असे मी म्हणणार नाही. ती केली नाही तर उपजीविकेसाठी असे काम करणाऱ्या कलावंतांचा इतिहासच उरणार नाही. मात्र शैलीवरून हात सिद्ध होतो. त्या हातामागची वासना, नाइलाज की केवळ मजुरी, हे सिद्ध होत नाही. या चित्रांवरून शूस्टर यांच्या अंतरंगाचे निदान करणे म्हणजे पुराव्याच्या पलीकडे जाणे होय. सूचीत त्यांचे नाव अवश्य लिहावे; सोबत ते शैलीवरून ठरविले आहे आणि मूळ प्रत निनावी आहे, हेही लिहावे. सहीची अनुपस्थिती हा त्या संहितेचाच भाग आहे, आणि संपादकाला तो गाळण्याचा अधिकार नाही.