पेटीची शिकवणी आणि शिलाईचा फलक

आमच्या घराच्या दारावर एक पाटी आहे. साधा ब्लाऊज इतके, अस्तराचा इतके, फॉल-पिको इतके. सौभाग्यवतींच्या शिलाईची ती पाटी. गिऱ्हाईक येते, पाटी वाचते, कापड ठेवून जाते. घासाघीस फारशी नाही.

मी पेटी शिकवतो. भोसरीची कंपनी सुटल्यावर हाच धंदा उरला. पण माझी पाटी नव्हती. "सर, किती द्यायचे?" असे कुणी विचारले की माझे उत्तर ठरलेले, "द्या तुमच्या मनाने." जयंतीच्या कार्यक्रमाची सुपारी घेताना मीच इसार मागतो, गाडीभाडे वेगळे लावतो. महिन्याची फी मागताना मात्र जीभ टाळूला चिकटायची. विद्या विकायची का, हा विचार आपल्या मनात कुणी पेरला कोण जाणे! विकणाऱ्याचे पोट मात्र त्याने भरत नाही.

एका रात्री आकुर्डीहून चाकणला जाऊन दहा वाजता परत आलो. तळवड्याच्या चौकातच पाऊण तास गेला होता. शिकवणी झालीच नव्हती, मुलगा लग्नाला गेला होता. सौ. म्हणाली, "अहो, कापड न आणता गिऱ्हाईक आलं नाही, तर माझं मशीन तरी दुसऱ्याचं चालतं. तुमचा गेलेला तास कोण देणार?" मग वही घेऊन बसली.

महिन्याला आठ बैठकांचे मी आठशे घेत होतो. म्हणजे बैठकीला शंभर. एक तास शिकवणे, एक तास जाणे-येणे. पेट्रोलचे वीस वजा केले की उरले ऐंशी, दोन तासांचे. तासाला चाळीस! शिवाय मे महिना आणि दिवाळी कोरडी. पेटीचे सूर लावून घ्यायचे, भाता दुरुस्त करायचा, तो खर्च तिने धरलाच नव्हता. मी गप्प बसलो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले, १९४८ मध्ये कायदा झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तो दर मालकाने कामगाराला द्यायचा. ज्याला मालकच नाही, त्याने आपला दर आपणच काढायचा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या मदतीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर. गाणे शिकवण्याचा खर्च कुणीतरी उचलावाच लागतो, हे त्यांनाही चुकले नाही.

नवा दर असा ठरला. तुमच्या घरी येऊन आठ बैठका, दोन हजार. आमच्या घरी याल तर हजार. फी महिन्याच्या सुरुवातीला. आदल्या दिवशी कळवले नाही तर बैठक झाली असे धरणार. मात्र वडिलांची शिफ्ट अचानक बदलली तर एक बैठक भरून देणार. हे शेवटचे कलम माझे. मी शिफ्टमध्ये राबलोय.

एका बंगल्यातल्या बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पेटी तर आमचीच आहे!" ती शिकवणी सुटली. आणखी दोन सुटल्या. पहिला महिना छातीत धडधडत गेला.

खरी अडचण खराबवाडीच्या मुलीची होती. गळा सुरेल, वडील ठेकेदाराकडे कामाला. मी म्हटले, "तिचे राहू द्या, पैसे नकोत." त्या माणसाने मान हलवली. "नको सर. फुकटचं असलं की पोरगी एक दिवस गेली नाही तरी मला बोलता येत नाही. आणि तुम्हालाही नाही."

हे मला सुचले नव्हते. त्याच्यासाठी म्हणून रविवारचा वर्ग काढला. पाच मुले, दीड तास, महिन्याला प्रत्येकी चारशे. माझे दोन हजार होतात आणि त्याला मान खाली घालावी लागत नाही. जागा तिथल्याच एका पालकाच्या खोलीची. मुले एकत्र असली की आळीपाळीने पेटीवर बसतात, बाकीची टाळी धरतात; एकट्याला शिकवताना जी लय महिनाभर बसत नाही, ती इथे आठवड्यात बसते. विहारात वंदनेची आणि भीमगीतांची तयारी मी अजूनही विनामूल्य करून घेतो. पण ते आता माझे देणे आहे, माझी भीड नाही.

दर आता शिलाईच्या पाटीखालीच लिहिला आहे, सौ.च्या अक्षरात. परवा एक बाई ब्लाऊज टाकायला आल्या, पाटी पूर्ण वाचली आणि विचारले, "पेटीला अस्तर लावायचं वेगळं का हो?"