पाटावर घेतलेलं माप

इचलकरंजीत आमचं घर मागांच्या खडखडाटातच जागं व्हायचं आणि त्यातच झोपायचं. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला; सत्तरच्या दशकात, माझ्या लहानपणी, गल्लीगल्लीत माग होते. कापडाच्याच गावात राहून दिवाळीचे लेंगे विकत आणायचे, हे आईला पटत नसे. दसरा झाला की ती पिशवी घेऊन निघायची, आणि तिच्यामागे मी.

आई कापड डोळ्यांपेक्षा हातांनी जास्त बघायची. ताग्याचा कोपरा दोन्ही तळव्यांत धरून खसाखसा चोळायची. पांढरी भुकटी पडली की समजायचं, नुसती खळ आहे, धुतल्यावर फडकं होणार. मग एक पदर उजेडाकडे धरून वीण बघायची. मांजरपाट टिकाऊ खरं, पण आजोबांना तो बोचायचा. पॉपलीन सदऱ्याला छान, लेंग्याला मात्र गुडघ्यात लवकर विरायचं. तेव्हा टेरीकॉटची हवा होती. ‘इस्त्री नको, काही नको’ म्हणून दुकानदार ते पुढे सरकवायचे. आईचा प्रश्न एकच, "आणि घाम कुठं जाणार?" शेवटी मोठ्यांना पांढरा लठ्ठा आणि पोरांना निळ्या पट्ट्यांचं सुती कापड, हे ठरलेलं. पन्हा 36 इंची असला की एका पायाला एक अखंड तुकडा पुरतो आणि बाजूला शिवणच येत नाही. म्हणून आजोबांच्या लेंग्याला दोन उंच्या, नेफा, दुमड आणि आटण्याचं धरून अडीच मीटर घ्यायची.

घरी आल्यावर कापड रात्रभर बादलीत. आटायचं ते कात्री लागण्याआधी आटू दे. सकाळी दांडीवर ओळीनं लठ्ठे वाळत असले की आम्हाला दिवाळी आल्यासारखी वाटायची.

बेतण्याला नमुना म्हणजे आजोबांचाच जुना, उसवलेला लेंगा. वर्तमानपत्र पसरून त्यावरून आईनं कागद कापून ठेवला होता. पण एका वर्षी घाईत तिनं बैठकीचं माप उभ्यानंच घेतलं. लक्ष्मीपूजनाला आजोबा मांडी घालून बसले आणि मागची शिवण टरकन उसवली. ते काही बोलले नाहीत. उपरणं मांडीवर घेऊन पूजा पुरी केली. आईच्या डोळ्यांत मात्र पाणी उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनीच जेवणाचा पाट आणून तिच्या मशीनजवळ ठेवला आणि त्यावर बसले.

"मामंजी, असं कशाला?" आई म्हणाली.

"मी दिवसभर असाच बसतो ना, सूनबाई. असंच माप घे."

सासऱ्यांच्या कमरेला सुनेनं टेप लावायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून टेप मी धरली. कमरेपासून खाली पाटापर्यंत. आई शेजारी बसून आकडा लिहून घेत होती. सैल लेंगा म्हणजे नुसता मोठा घेर नव्हे, हे मला त्या सकाळी कळलं. घेर कितीही वाढवा, बैठक तोकडी पडली की लेंगा बसताना अडतोच. आईनं त्यात दोन इंच वाढवले, दोन पायांच्या मध्ये एक तिरका चौकोनी तुकडा घातला आणि शिवण मोडून वरून दुसरी टीप मारली. तो लेंगा आजोबांनी फिका, पातळ होईपर्यंत वापरला.

तो कागद माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावलीय. कोपऱ्यात आईच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलंय: ‘मामंजी. उंची 40. बैठक पाटावर.’ यंदा तुम्ही घरी लेंगा शिवणार असाल, तर कापड आदल्या रात्री भिजत घाला, आणि ज्याचा लेंगा त्याला आधी खाली बसवा. टेप मग काढा.