पाटणादेवीच्या दरीत

खानदेश म्हटलं की लोकांना केळीच्या बागा, कपाशी आणि मे महिन्यातलं रणरणतं ऊन एवढंच आठवतं. आमच्या धुळ्याचे लोकही पावसाळा लागला की हिरवळ बघायला सापुताऱ्याची वाट धरतात. पाटणादेवीला जातात ते नवरात्रात. दर्शन घेतात, नारळ फोडतात, परततात. देवळामागची दरी बघायची राहूनच जाते.

श्रावणात भाच्याला घेऊन मी मुद्दाम मधल्या वारी निघालो. धुळ्याहून रेल्वेने चाळीसगाव, तिथून रिक्षा. पाटणे गाव मागे पडलं आणि तिन्ही बाजूंनी सातमाळ्याचे डोंगर जवळ आले. हे सगळं गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतं. साग, धावडा, सालई, खैर, पळस. उन्हाळ्यात खराट्यासारखं दिसणारं हे रान श्रावणात ओळखू येत नाही.

पाटणादेवीचं, म्हणजेच चंडिकादेवीचं, देऊळ यादवकाळातलं, काळ्या पाषाणाचं. आधी दर्शन घेतलं. इथला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, हे आपल्याला त्यावरूनच कळलं. लेख संस्कृतात, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत: पाटणच्या बाजारातलं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं, त्याची नोंद. भाचा बारावीला गणित शिकतो. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा गणिताचा ग्रंथ या रानाच्या तोंडाशी शिकवला जायचा, हे त्याला खरंच वाटेना. मला मात्र गणित शिकायला याहून चांगली जागा सुचत नाही.

पुढे केदारकुंडाकडे पायवाटेने निघालो. ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो. खडक शेवाळलेले, म्हणून चप्पल चालत नाही, पकड असलेले बूटच हवेत. एका वळणावर कळलावी फुललेली दिसली. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लाल, कडा चुरगळल्यासारख्या. आणि प्रत्येक पानाचं टोक गुंडाळत जाऊन शेजारच्या काटकीला घट्ट धरून बसलेलं. त्या टोकांच्याच आधाराने वेल वर चढते. भाचा तिथे बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मीही घाई केली नाही. रान बघायचं तर असंच, थांबून.

वाटेत गुरं राखणारे एक आजोबा भेटले. म्हणाले, “भाऊ, कुंडमा उतरू नका. पानी गढूळ व्हयनं का लगेच मांगे फिरा.” हे लाखमोलाचं सांगणं आहे. पाऊस वर पठारावर पडतो, खाली ऊन असतं, आणि ओढा बघता बघता फुगतो. आम्ही काठावरच बसून धबधबा पाहिला, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. अंगावर तुषार येत होते, तेवढ्यात भिजायचं समाधान झालं.

परतताना एका डोहाशी थर्माकोलच्या पत्रावळी, दारूच्या बाटल्या आणि चिप्सच्या पुड्यांचा ढीग पडलेला होता. मला संताप आला. याच पाण्यावर रात्री बिबट्या येतो, पहाटे मोर येतात. देवीच्या दारात पायातली चप्पल काढणारा माणूस तिच्याच रानात काचा फोडून जातो, हे मला अजिबात पटत नाही. भाच्याने पिशवी काढली. मावलं तेवढं आम्ही भरून आणलं, बरंचसं तिथेच राहिलं.

कन्हेरगडावरची नागार्जुन आणि सीतेची न्हाणी ही लेणी आणि वरच्या अंगाचं पितळखोरं या वेळी राहिलं. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीची आहेत. त्यांना एक अख्खा दिवस द्यायला हवा.

चाळीसगावपासून पाटणादेवी जेमतेम 18 किलोमीटर. श्रावण-भाद्रपदात जा, रविवार टाळा, वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्याच्या श्रमाचे पैसे द्या. अंधाराआधी बाहेर पडा. आणि नेलेला कचरा परत घेऊन या.