सही करताय? जरा थांबा!

रात्रीचे साडेअकरा. करंजाड्यातलं आमचं वन बीएचके. धाकटी बहीण लॉच्या परीक्षेसाठी १८७२चा भारतीय करार कायदा घोकत बसलेली आणि मी पनवेल स्टेशनवरून जवळपास नाचतच घरी आलेली. हातात ऑफर लेटर! चार वर्षांच्या फ्रीलान्सिंगनंतर एक तारखेला पगार. बाबा रिटायर झालेत, घराचा हप्ता माझ्याच खात्यातून जातो. सगळ्या टेन्शनवर एकच उपाय.

‘बॉण्ड वाचलास?’ बाईसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

२ वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दीड लाख भरा, एवढंच तर होतं. ‘छे गं, असले बॉण्ड कोर्टात टिकतच नाहीत,’ मी मित्रमंडळींकडून ऐकलेलं ज्ञान फेकलं.

तिने पुस्तक पुढे सरकवलं. कलम २७ : धंद्या-व्यवसायाला मज्जाव करणारा करार रद्दबातल. ‘बघ!’ म्हणेपर्यंत तिने पान उलटलं. गोलीकरी खटला, १९६७. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या शिफ्ट सुपरवायझरने ५ वर्षांचा करार मध्येच सोडून राजस्थानात कोट्याला तशाच कंपनीत नोकरी धरली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, कराराच्या मुदतीपुरतं बंधन चालतं. मे २०२५ मध्ये तर विजया बँकेच्या खटल्यात ३ वर्षांआधी राजीनामा दिल्याबद्दलचा २ लाखांचा बॉण्डही कोर्टाने वैध ठरवला.

‘पण मी हप्त्याच्या दबावाखाली सही करतेय ना!’

‘ताई, कलम १५ मधल्या जबरदस्तीत बँकेचा हप्ता येत नाही.’

शेवटी मी मेल टाकला : सगळं मान्य, फक्त बॉण्ड ५० हजारांचा करा. बहीण हसली. ‘कलम ७. स्वीकार बिनशर्त हवा. तू अट घातलीस, म्हणजे हा तुझा नवा प्रस्ताव झाला. आता त्यांनी ठरवायचं.’

त्यांनी ठरवलं. आठवड्याभरात दुसऱ्याच मुलीला घेतलं.

‘तुझ्या कलमांनी माझी नोकरी घालवली!’ मी जाम भडकले. ती शांतपणे म्हणाली, ‘कलमांनी नाही. तुला तिथे २ वर्षं राहायचंच नव्हतं. नाहीतर सुटायचा खर्च आधीच कशाला मोजला असतास?’

बोलतीच बंद.

हल्ली प्रत्येक लेखाआधी मी मानधन मेलवर लिहून घेते. तोंडी करारही वैध असतो म्हणे, पण सिद्ध कोण करत बसणार? हप्ता मात्र ५ तारखेला न चुकता जातो.

आणि हो, तुम्ही तुमचं अपॉइंटमेंट लेटर शेवटपर्यंत वाचलंय ना?