दहा चेंडूंनंतर

आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात क्रिकेटचा विषय निघाला, की शार्दूल ठाकूरचे नाव आल्यावाचून राहत नाही. पालघरजवळच्या माहीम गावचा हा मुलगा बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असताना बोरिवलीचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. त्याच्या षटकारांविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. मला मात्र त्याच्या दुखापतींविषयी आणि त्यानंतरच्या प्रतीक्षेविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. ज्या घरात कोणी आजारातून उठू पाहत आहे, त्या घराला हाच भाग अधिक उपयोगी पडेल.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली. त्याआधी विरारपलीकडच्या माणसाला मुंबई गाठायची, तर मोजक्याच गाड्यांवर विसंबावे लागे. अशा गर्दीत क्रिकेटची अवजड पिशवी सांभाळत शार्दूलने वर्षे काढली. २०१२ मध्ये तो मुंबईकडून रणजी सामन्यात उतरला. पण पहिल्या चार सामन्यांत त्याला चारच बळी मिळाले. पुढे २०१४-१५ च्या मोसमात त्याने ४८ बळी घेतले.

१२ ऑक्टोबर २०१८ रोजी हैदराबादेत त्याला पहिली कसोटी लाभली. अवघे दहा चेंडू टाकून होतात न होतात, तोच जांघेचा स्नायू दुखावला आणि त्याला मैदान सोडावे लागले. एवढ्या वर्षांच्या खटाटोपाचे फळ दहा चेंडू! पुढची कसोटी खेळण्यासाठी त्याला जानेवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्या ब्रिस्बेन कसोटीत त्याने सात बळी घेतले. भारताचे सहा गडी १८६ धावांत बाद झालेले असताना वॉशिंग्टन सुंदरसमवेत १२३ धावांची भागीदारी केली आणि स्वतः ६७ धावा काढल्या. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून हरला नव्हता, तेथे भारत जिंकला.

हा विजय आमच्या घरी अनेकदा आठवला जातो, त्याला कारण आहे. माझे यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. परंतु पुन्हा पडण्याची भीती मनात अशी ठाण मांडून बसली, की ते पलंग सोडण्यास राजी होईनात. “आता माझा डाव संपला,” असे ते म्हणत. मीही काळजीपोटी पाण्याचा पेला त्यांच्या हाती नेऊन देत असे.

आपणापैकी जे शुश्रूषा करीत आहेत, त्यांना ही अवस्था परकी नसेल. वृद्ध शरीर अंथरुणाला खिळले, की स्नायू झपाट्याने झिजतात. पाठीला जखमा होणे, पायांत रक्ताची गुठळी होणे, छातीत कफ साठून न्यूमोनिया होणे, हे धोके वाढतात. म्हणूनच खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बहुधा एक-दोन दिवसांतच रुग्णाला आधाराने उभे करतात. भीतीने हालचाल थांबते, हालचाल थांबल्याने पाय दुबळे होतात आणि दुबळ्या पायांमुळे पुन्हा पडण्याची शक्यता वाढते.

खेळाडूला तरी दुसरा मार्ग कोठे असतो? विश्रांती, मग हलका व्यायाम, मग ताकद वाढविणे, मग धावणे आणि सर्वांत शेवटी गोलंदाजी, या क्रमानेच त्याला जावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्टनी हाच क्रम छोट्या मापाने लावून दिला. प्रथम पलंगावरच घोटे वर-खाली हलविणे, मग खुर्चीवरून आधाराने उठणे-बसणे, मग वॉकर घेऊन दारापर्यंत जाणे. न्हाणीघरात धरायला दांडी बसविली, घसरणारी पायपुसणी काढली, रात्रीचा दिवा लावला. पाण्याचा पेला मी टेबलावर ठेवू लागले. यजमान रोजची पावले दिनदर्शिकेवर लिहू लागले. पहिल्या दिवशीची नोंद होती दहा. “शार्दूलचे दहा चेंडू!” असे म्हणून कित्येक आठवड्यांनी ते हसले.

आज ते वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. बाजारापर्यंतची फेरी पुन्हा होईल, असे मी म्हणणार नाही.

शार्दूलचीही वाट सरळ झाली नाही. जून २०२४ मध्ये त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीच्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतले नाही. तो रणजीत खेळत राहिला. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध त्याने ११९ धावा केल्या, पण मुंबई हरली. जूनमध्ये लीड्सला तो पुन्हा भारताकडून कसोटी खेळला.

आपल्या घरी कोणी असे अंथरुणावर असेल, तर किती हालचाल चालेल हे प्रथम डॉक्टरांना विचारा. त्यांनी होकार दिला, की आजची पावले मोजा आणि लिहून ठेवा. ती दहाच भरली, तरी लिहा.