रा. रा. नाकसाहेब यांस

मु. पो. प्रोपेलरच्या मागे, काचेच्या पुढे.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने आपल्याच कुळातलं एक विमान विकत घेतलं आहे. जुनं पायपर कब, जे-३, पिवळंधमक. त्याने मोठ्या हौसेने पहिला व्हिडिओ पाठवला. त्यात भाचा नाही, धावपट्टी नाही, आकाशही जेमतेमच. पडदाभर फक्त आपण! मागून कुठूनतरी त्याचा आवाज येतो, “मामा, पुढचं काही दिसतच नाही!” आपली प्रकृती जशीच्या तशी असल्याचं पाहून आनंद झाला, एवढं कळवून पत्र संपवलंही असतं. पण त्याचं पुढचं वाक्य होतं, “कॅमेरा बसवून टाकतो.” म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण-आपण करत बसलो खरा, पण ज्याच्या मागे बसून तरुणपण गेलं त्याला अहो-जाहो फार वेळ जमत नाही. तुझ्यावर येतो. राग मानू नकोस. तो तुझ्या शेंड्यावरच असतो हे ठाऊक आहे.

तुझी-माझी ओळख पुष्पकवर झाली. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या हाताखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेलं, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं, कापड चढवलेलं दोन आसनी विमान. पुढे 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत त्यावर पोरं शिकली. भाच्याच्या कबला इंजिन 65 अश्वशक्तीचं, पण तेही कॉन्टिनेन्टलच. म्हणजे तुमचं सोयरसुतक आहे, नाकारू नकोस.

आमचे इन्स्ट्रक्टर पहिल्याच दिवशी नव्या पोराला डाव्या सीटवर बसवायचे, इंजिन बंद, आणि क्लबच्या शिपायाला सांगायचे, “सायकल घेऊन जा पुढे.” शिपाई सायकल हातात धरून तुझ्यासमोरून चालत निघायचा आणि दोन पावलांत नाहीसा व्हायचा. सायकल, शिपाई, त्याची पांढरी टोपी, सगळं तुझ्या पोटात. मग पोराने तो पुन्हा दिसेपर्यंत वाट पाहायची. आधी टोपी उगवायची, मग खांदे, आणि चाकं जमिनीला टेकलेली दिसेपर्यंत शिपाई इतका लांब गेलेला असायचा की त्याला हाक मारून परत बोलवावं लागे. त्यानंतर इन्स्ट्रक्टर एकच प्रश्न विचारत, “आता सांग, मधल्या जागेत काय काय मावेल?” आमच्या मैदानावर उत्तराला तोटा नव्हता. गवत कापायला आलेल्या बाया भारे घेऊन आडव्या जायच्या, कुत्री तर टॅक्सी-वे आपल्या वाडवडिलांचा असल्यासारखी झोपायची.

तुझी बाजूही मांडायला हवी, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. तू उगाच वर होत नाहीस. शेपटीचं चाक छोटं, ते जमिनीला टेकलं की पुढची बाजू उचलली जाणारच. त्यात सोय अशी की प्रोपेलर दगडगोट्यांपासून आणि गवतापासून उंच राहतो, शेपटीकडचं वजन कमी लागतं, आणि तीनही चाकं एकदम टेकवून उतरताना पंख असा कललेला असतो की विमान अगदी हळू येऊन बसतं. खडबडीत मैदानावर हे सगळं हवंच असतं. नाकाखाली चाक असलेली विमानं 1950 नंतर छोट्या वर्गातही बोकाळली आणि वैमानिकांना समोरचं दिसू लागलं, हे खरं. पण त्या पुढच्या चाकाला खड्ड्याची धास्ती असते, ती तुला नाही.

आणि तुझ्यापायी लोकांनी काय काय केलं म्हणतोस! डी हॅविलंड कंपनीने तर आपलं आख्खं जिप्सी इंजिन उलटं टांगलं. सिलिंडर खाली, क्रँकशाफ्ट वर; प्रोपेलर हवा तेवढा उंच राहिला आणि तुझा माथा खाली आला. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, त्या पस मॉथ विमानात हेच उलटं इंजिन होतं. इंजिनाला शीर्षासन घालायला लावणारं दुसरं नाक मला माहीत नाही. लिंडबर्गने याच्या बरोबर विरुद्ध केलं. 1927 साली अटलांटिक ओलांडणाऱ्या त्याच्या विमानात त्याच्यासमोर काच नव्हतीच. तिथे पेट्रोलची मोठी टाकी. बाजूच्या खिडक्या आणि एक छोटा पेरिस्कोप, एवढ्यावर त्याने भागवलं. दुसऱ्या महायुद्धात थंडरबोल्टसारख्या अवजड विमानांचे वैमानिक टॅक्सी करताना मेकॅनिकला पंखावर बसवत आणि तो हाताने खुणा करी. कोर्सेअरचं नाक तर इतकं लांब की पुढच्या आवृत्तीत वैमानिकाची सीट साधारण 18 सेंटिमीटरने उचलावी लागली.

इथे मला भाच्याला जे सांगायचं आहे त्यावर येतो, आणि तुलाही ते ऐकावं लागेल.

समज, डोळा जमिनीपासून 1.8 मीटरवर आहे आणि तुझा सगळ्यात आडवा येणारा काठ डोळ्यापासून दीड मीटरवर. त्या काठावरून नजर जेमतेम 1 अंश खाली उतरत असेल, तर जमीन दिसायला सुरुवात होते ती 100 मीटरपलीकडे. आता बुडाखाली 5 सेंटिमीटरची उशी घे. नजर जवळजवळ 3 अंश खाली जाते आणि जमीन 35-40 मीटरवरच दिसू लागते. 5 सेंटिमीटर म्हणजे किती, तर तीन बोटं! त्याऐवजी शेपटीला मोठं चाक लावून ती 10 सेंटिमीटर उचलली, तर पुढच्या आणि शेपटीच्या चाकांत पाचेक मीटर अंतर असलेल्या विमानाला फायदा होतो एका अंशाहून जरासा जास्त. जमीन दिसते 50 मीटरच्या आसपास. शिवाय प्रोपेलर थोडा खाली येतो, आणि उतरताना पंखाचा कल कमी पडल्यामुळे विमान जास्त वेगाने टेकतं. म्हणजे दुप्पट उचलून फायदा कमी आणि भुर्दंड वर.

भाच्याला शेपटीच्या मोठ्या चाकाच्या जोडीला पुढे ते जाडजूड, फुगीर टायर बसवायचे आहेत, जंगलात उतरणारे वैमानिक वापरतात तसले. एका हाताने शेपटी उचलायची आणि दुसऱ्या हाताने नाक! आजकालच्या मुलांना काही म्हणायची सोय नाही.

उशीचेही नखरे आहेत. वर सरकलं की डोकं पंखाच्या मुळाशी जातं आणि वरच्या पंखाच्या विमानात बाजूचं दिसणं कमी होतं. मऊ उशी तर घेऊच नये. धक्का बसला की ती आधी दबते आणि मग खालचं आसन पाठीच्या कण्याला जास्त जोरात भेटतं. घट्ट फोम, सरकणार नाही असा बांधलेला, आणि त्यानंतर पट्टे पुन्हा आवळून पाय रडरच्या पेडलपर्यंत पुरतात का पाहायचं.

पण नाकोबा, उशी कितीही घेतली तरी तू पूर्ण बाजूला होत नाहीस. म्हणून शेवटी ते जुनंच, नागमोडी चालणं. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं आपल्याकडे कौतुक होतं; तुझ्यासोबत तसं चालणारा मात्र कधीतरी कुणाच्या तरी अंगावर जातो. शेजारी-शेजारी बसायच्या पुष्पकमध्ये डाव्या सीटवरून डावी कड दिसायची आणि उजवीकडचा पुढचा कोपरा तुझ्याकडे गहाण असायचा. तुला उजवीकडे वळवलं की तो कोपरा आणि समोरची पट्टी डाव्या खिडकीत यायची. मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. कबमध्ये एकटा माणूस मागच्या सीटवर बसतो, म्हणजे तुझ्या जोडीला पुढच्या सीटची पाठही आडवी. पण त्याचं उजवं दार उघडं ठेवता येतं, मान बाहेर काढून बघता येतं.

आजवर पाहिलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी ही वळणं घेतली, पण बघितलं थोड्यांनीच. रडर हलतोय, शेपटी झुलतेय, डोळे मात्र समोर तुझ्यावरच खिळलेले. हा नाच झाला. वळण तू झाकलेल्या जागेएवढं मोठं हवं, नाहीतर तीच जागा शेवटपर्यंत झाकलेली राहते.

दुसरं म्हणजे, बघितलेलं शिळं होतं. सात-आठ मीटर रुंदीचा टॅक्सी-वे माणूस पाच-सहा सेकंदांत ओलांडतो. म्हणजे रस्ता मोकळा दिसला, या माहितीची मुदत तेवढीच. सावकाश चालीने, सेकंदाला दीड मीटर, त्या वेळात विमान आठ-नऊ मीटर जातं. सेकंदाला 6 मीटरने गेलं तर तीसहून जास्त. सगळं अंतर कालच्या बातमीच्या भरवशावर! आमचे इन्स्ट्रक्टर आकडे सांगत नसत. ते विमानाच्या पंखाच्या टोकाशी चालत येत, आणि त्यांना धावावं लागलं की इंजिन बंद करायला लावत.

आता कॅमेरा. शिळेपणाचा दोष त्याला नाही, हे मी कबूल करतो. तो सतत ताजं दाखवतो. पंखाच्या तिरक्या दांडीवर लावला तर तुला वळसा घालून समोरची जमीन दाखवेल. सपाट चित्रात अंतराचा अंदाज चुकतो, सूर्य समोर असला की पडदा पांढरा पडतो, विमानाला काही कायमचं जोडायचं तर मंजुरीची कागदपत्रं लागू शकतात. हे सगळं सांभाळता येईल. माझा आक्षेप निराळा आहे. डोळे पडद्यावर गेले की पंखाची टोकं कोण बघणार? आणि समोर दिसतंय म्हटल्यावर वळणं कोण घेणार, हळू कोण चालणार? भाचा म्हणतो, “मी घेईन ना, मामा.” भाचा चांगला आहे. तरी मला शंका आहे.

तर विनंती अशी. त्याची उशी तू गोड मानून घे, तीन बोटांनी तुझा मान कमी होत नाही. कॅमेरा लावलाच तर निदान पहिल्या उन्हाळ्यात त्याची काच धुळीने, तेलाने, जमेल तसं मळवत जा. तेल उडवायची कला तुमच्या घराण्यात उपजत आहे. इंजिनाला पूर्ण जोर दिला, शेपटी उचलली गेली आणि तू खाली झुकून सगळी धावपट्टी एकदम समोर ठेवलीस, की तुझ्यावरचे सगळे राग जातात हे त्यालाही कळेलच. पण तिथवर त्याला कुणाच्या अंगावर न जाता पोचू दे. मोठे टायर मात्र घेऊ देऊ नकोस. त्याने घेतलेच, तर नाक मुरडायला तुझी हरकत नसावी.

घरी सर्व क्षेम. थोरांस नमस्कार, लहान विमानांस आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच,
डाव्या सीटवरचा

ता. क. उशी दिवाणावरची न्यायची नाही, असं घरातून बजावण्यात आलं आहे. ती तशीही मऊच आहे.