जव्हार-मोखाड्यातील सोंगांची भावकी

वाचकहो, होळी पेटली आणि खळी मोकळी झाली की दोन दिवसांची सवड काढून जव्हार-मोखाड्याकडे या. नाशिकहून निघालात तर त्र्यंबकेश्वर मागे टाकल्यावर मोखाडा लागतो आणि पुढे जव्हार. मुंबईकडून येणाऱ्यांनी अहमदाबाद रस्त्यावर मनोरला वळावे आणि विक्रमगडमार्गे घाट चढावा.

पाहुणे मंडळी येथे येतात ती बहुधा राजवाडा पाहायला. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याने या डोंगरात सुमारे सहाशे वर्षे राज्य केले. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळ शिरपामाळावर पडला होता, असे येथे सांगतात. जयविलास राजवाडा मात्र अलीकडचा, यशवंतराव मुकणे यांच्या काळातला. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, इमारत राहिली. ती जरूर पाहा. पण माझ्या मते या मुलखातली खरी पाहण्यासारखी संस्था निराळीच आहे. तिला स्वतःची अशी इमारतच नाही. तिचे नाव बोहाडा. कोणी भोवाडा म्हणतात, कोणी भवाडा.

मुंबईत फ्रीमेसन नावाची एक बंधुसभा आहे, हे आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून तेथे १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ नावाची शाखा निघाली. त्या मंडळींत प्रत्येकाचा मान ठरलेला, पोशाख ठरलेला, विधी ठरलेला. आणि बसायला मोठा हॉल. बोहाड्यातही मान, पोशाख आणि विधी ठरलेलेच असतात. फरक एवढाच, की तेथे सभासदांखेरीज कोणाला प्रवेश नाही, आणि येथे सारा गाव बिनबोलावता अंगणात येऊन बसतो.

बोहाडा म्हणजे मुखवटे घालून देवदैत्यांची सोंगे नाचवण्याचा उत्सव. होळीनंतर पावसाच्या तोंडापर्यंत गावोगावी तो होतो. तारीख गाव ठरवते. कुठे तीन रात्री चालतो, कुठे त्याहून अधिक. मोखाड्यात तो जगदंबेच्या नावाने होतो. प्रथम गणपती येतो, मग शारदा. पुढे रामायण-महाभारतातली आणि पुराणातली सोंगे एकामागून एक येतात. संबळ वाजतो, सनईचे सूर निघतात, आणि वाजपाच्या ठेक्यावर सोंग दोन पावले पुढे, दोन पावले मागे नाचत गल्लीतून सरकते. पूर्वी पुढे टेंभे धरीत, आता विजेचे दिवे असतात. शेवटच्या पहाटे देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते.

आता यातली मुख्य गोष्ट ऐका. सोंग कोणी घ्यायचे हे हौशीवर नसते. गणपती एका घराचा, रावण दुसऱ्या घराचा, नरसिंह तिसऱ्याचा, अशी वाटणी अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बापाने नाचवलेले सोंग मुलगा नाचवतो. मुखवटा त्या त्या घरी जपून ठेवलेला असतो, आणि डोक्याला बांधण्यापूर्वी त्याची पूजा होते. वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्या जोडीला मोठ्या गावांत बिगर-आदिवासी घरेही यात असतात. एका घराने आपले सोंग काढले नाही तर त्या रात्रीची कथा तेवढी तुटते. म्हणून एकमेकांवाचून कोणाचेच चालत नाही. भावकी रक्ताची नसली तरी ती अशी बांधलेली असते.

जुने मुखवटे सावरीसारख्या हलक्या लाकडाचे. नंतर मातीच्या साच्यावर कागदाचा लगदा थापून करू लागले. जव्हार तालुक्यातले रामखिंड हे गाव या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. तेथले मुखवटे शहरातल्या दिवाणखान्यांतही जातात. कारागिराला चार पैसे मिळतात हे चांगलेच. पण भिंतीवरचा मुखवटा आणि घराण्याच्या मानाचा मुखवटा या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

या भावकीपुढचे संकट मी शेतीच्या माणसाच्या नजरेने सांगतो. येथे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण उतारावरून तो वाहून जातो. भात, नाचणी, वरई, खुरासणी, उडीद एवढे एका हंगामाचे पीक निघाले की पुढे पाणी नाही. मग दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी, वसई, ठाण्याकडे जातात. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर झाले, त्यामागेही हेच दारिद्र्य होते. होळीला बरेच जण परततात. पण सण होताच पुन्हा कामावर जायचे असले तर बोहाड्याच्या रात्री सोंग घेणार कोण?

यावर उपाय व्याख्यानाचा नाही, पाण्याचा आहे. ओढ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घातला, विहिरीला झरा राहिला, की दहा-वीस गुंठ्यांवर मोगरा उभा राहतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागात असे मळे झाले आहेत आणि फुले दादरच्या बाजारात जातात. मोगऱ्याचा बहर नेमका उन्हाळ्यात. पहाटे कळी खुडायला माणूस घरी लागतोच. जो कळीसाठी घरी राहतो, तो सोंगासाठीही हाताशी राहतो. बांधावर काजू-आंब्याची वाडी असली तर आणखी बरे.

तेव्हा येताना एवढे करा. गावात आधी विचारून बोहाड्याची रात्र नक्की करा. मुखवट्याला न विचारता हात लावू नका, सोंगाच्या तोंडावर दिवा पाडू नका; मुखवट्याच्या फटीतून नाचणाऱ्याला मुळातच थोडे दिसते. थंडीची घोंगडी सोबत आणा, आणि पहाटेची देवी पाहिल्याखेरीज उठू नका. उजाडल्यावर परतताना वाटेत एखादा मोगऱ्याचा मळा दिसला तर थांबून पाणी कुठून आणले ते विचारा. ते आपल्या गावीही उपयोगी पडेल.